मदत हवी आहे: बीएस्सी फिजिक्ससोबत पाली आणि बौद्ध अध्ययन जमेल का?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात सेकंड इयरला आहे, फिजिक्स घेतलंय आणि ते आवडतंही, सोडायचं अजिबात नाहीये. पण गेल्या दिवाळीत आजोबांच्या कपाटात धम्मपद (पाली भाषेतला बौद्ध ग्रंथ) सापडलं, मराठी अर्थासकट, आणि तेव्हापासून पाली नीट शिकायचं डोक्यात बसलंय. विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययन विभाग आहे, तिथे सर्टिफिकेट कोर्सही असतो. तर तो करावा, की यूजीसीने २०२२ पासून एका वेळी दोन डिग्र्या चालतील म्हटलंय तर सरळ डिस्टन्सने बीए लावून टाकावं? दोन्ही रेग्युलर घेतल्या तर तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत असा नियम आहे, आणि माझी प्रॅक्टिकल्स पाचपर्यंत, त्यामुळे ते कठीणच दिसतंय. ऑफिसात विचारलं तर "आधी बॅकलॉग काढ" म्हणाले (एकच आहे हो, मॅथ्सचा!).

घरी बाबा म्हणतात धर्माचा अभ्यास करून नोकरी कोण देणार. मी त्यांना कोसंबींचं उदाहरण दिलं, धर्मानंद फर्ग्युसनला पाली शिकवायचे आणि मुलगा दामोदर गणितज्ञ असून प्राचीन भारताच्या इतिहासावर लिहून गेला. बाबा म्हणे, तू कोसंबी आहेस का.

कुणी सायन्स करता करता असं काही केलंय का? परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर काय करता? आणि पुढे एमए बौद्ध अध्ययनला बीएस्सीवाल्याला घेतात का, प्लीज सांगा.