टी-टाइप की बोथ कॉलम? असेटॅब्युलम (खुब्याची खोबण) फ्रॅक्चर वाचताना घोळ होतोय, मदत हवी आहे

मंडळी, मी ऑर्थोचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. या फ्रॅक्चरचे जुदे-लेटूर्नेल वर्गीकरणातले 10 प्रकार, 5 साधे आणि 5 संयुक्त, झोपेतही म्हणून दाखवीन. पण फिल्म व्ह्यूबॉक्सवर चढली की दांडी उडते. काल राउंडला छातीठोकपणे 'टी-टाइप' म्हणालो. सरांनी सीटी उघडला, निघालं बोथ कॉलम (खोबणीला धरणारे हाडाचे पुढचा-मागचा दोन्ही खांब तुटलेले).

एपीवर (समोरून काढलेला एक्स-रे) मी आधी इलिओपेक्टिनियल रेषेवरून बोट फिरवतो (पुढचा कॉलम), मग इलिओइश्चियल (मागचा). नंतर 45 अंशांचे जुदे व्ह्यू (तिरके एक्स-रे). ऑब्ट्युरेटर ओब्लिकवर पुढचा कॉलम आणि मागची भिंत, इलियाक ओब्लिकवर मागचा कॉलम आणि पुढची भिंत. (ही जोडी रात्री दोनच्या कॉलला हमखास उलटी आठवते.) पण दोन्ही रेषा तुटलेल्या दिसल्या की गाडी अडते. ट्रान्सव्हर्समध्येही (आडवी भेग) तुटतात, टीमध्येही (आडवी भेग अधिक खाली उभी भेग), बोथ कॉलममध्येही. मग ओळखायचं कशावरून?

आणि टी असेल तर ऑपरेशनला जायचं कुठून? कोखर-लँगेनबेक छेदाने मागून गेलो तर पुढचा तुकडा हाताला लागणार कसा?

प्रतिसाद:
रेषा दोन्ही तुटल्या की ऑब्ट्युरेटर रिंग (खोबणीखालच्या भोकाभोवतीचं हाडाचं कडं) बघ. शुद्ध ट्रान्सव्हर्समध्ये ती शाबूत असते, टीच्या उभ्या दांड्याने फुटते. बोथ कॉलममध्येही फुटते, म्हणून पुढचा प्रश्न छताचा: सांध्याचा एखादा तरी भाग सेक्रमकडच्या (कण्याच्या तळाकडच्या) इलियमला (कमरेच्या रुंद हाडाला) चिकटून राहिलाय का? टीमध्ये राहतो, बोथ कॉलममध्ये काहीच राहत नाही. ऑब्ट्युरेटर ओब्लिकवर दिसणारा 'स्पर' म्हणजे त्या उरलेल्या इलियमचं टोक. काल तो नक्की दिसत असणार, फिल्म परत काढून बघ. सीटीच्या आडव्या कापात छताच्या पातळीवर ट्रान्सव्हर्सची भेग पुढून मागे जाते, कॉलमची आतून बाहेर.

टीमध्ये मागचा भाग जास्त सरकला असेल तर मी मागूनच जातो. सायॅटिक नॉचमधून (मागच्या हाडाची खाच) बोट आत घालून क्वाड्रिलॅटरल सरफेस (खोबणीची आतली बाजू) चाचपायचा, पुढचा तुकडा बसला की नाही ते बोटालाच कळतं. तो बसेपर्यंत मागच्या प्लेटचा एकही स्क्रू त्यात शिरू द्यायचा नाही. शिरला तर तो वाकडाच अडकतो आणि नंतर पुढून जाऊनही हलत नाही. गुडघा मात्र पूर्ण वेळ वाकवलेला आणि हिप सरळ, सायॅटिक नर्व्ह (मागून पायाकडे जाणारी मोठी नस) ताणली जाता कामा नये.

बोथ कॉलम बहुतेक वेळा पुढून, इलिओइंग्विनल किंवा स्टोपा छेदाने. तिथे प्युबिसच्या (पुढच्या जांघेच्या हाडाच्या) मागे कोरोना मॉर्टिस (रक्तवाहिन्यांना जोडणारी वाहिनी) आधी शोधून बांध, मगच पुढे सरक.

धागाकर्ता: फिल्म काढली. स्पर होता. सगळ्यांना दिसेल एवढा.