अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलाखतीची मेल आलीच नाही, सल्ला हवा आहे

कर्वेनगरची आई:
मुलगी बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. नोव्हेंबरच्या अर्लीला (लवकर अर्ज करायच्या फेरीला) तिची तयारी नव्हती, म्हणून सगळे अर्ज नव्या वर्षाच्या तोंडावर गेले. एमआयटी (आपली कोथरूडची नाही, मॅसॅच्युसेट्सची), येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल आणि ॲमहर्स्ट. क्लासमधल्या दोघांना मुलाखतीची मेल आली, हिला कुठूनच नाही. उठल्या उठल्या आधी फोन बघते, मग दात घासते. प्रॅक्टिकल्स जवळ आली, फेब्रुवारीत लेखी. काल रात्री म्हणाली, "आई, माझा अर्ज बाजूला ठेवला असेल का गं?" मला काही सांगता आलं नाही. आमच्याकडे या वाटेने आधी कोणी गेलेलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मेल न येणं म्हणजे नकार का? आणि एका कौन्सेलरने पाच मॉक (सरावाच्या) मुलाखतींचे ४०,००० रुपये सांगितलेत, ते द्यावेत का? पोरगी मुळात अबोल, घरात पूर्ण मराठी. म्हणून मन डळमळतंय.

तळजाईकर:
ताई, नकार नाही. मी तिकडे शिकून परत आलो आणि काही वर्षं माझ्या कॉलेजसाठी पुण्यातल्या मुलांच्या मुलाखती घेतल्या, म्हणून आतलं सांगू शकतो. हे काम आम्ही माजी विद्यार्थी करतो, नोकरी सांभाळून, एक पैसाही न घेता. अर्ज करणारी मुलं ढीगभर आणि आम्ही मूठभर. कोणाला वेळ आहे ते बघून नावं वाटली जातात. मला एकदा वडिलांच्या आजारपणामुळे चार मुलांना भेटता आलं नाही. त्यांच्या घरीही असाच घोर लागला असेल, हे आज तुमचं वाचून जाणवलं.

एमआयटी स्पष्टच सांगते की मुलाखत मिळाली नाही म्हणून अर्जाचं नुकसान होत नाही. येल तर ज्यांच्या अर्जाबद्दल आणखी माहिती हवी वाटते, त्यांना आधी भेटायचा प्रयत्न करते. त्यामुळे मेल न येण्याचा अर्थ लावत बसू नका. कॉर्नेलला आर्किटेक्चरसारखे अपवाद सोडले तर मुलाखत नसते, ॲमहर्स्टला तर नाहीच. म्हणजे पाचातल्या दोघांची वाट तुम्ही उगाच बघताय.

मॉकबद्दल. मुलाचे मार्क किंवा निबंध आमच्यापुढे नसायचे. नाव, शाळा, संपर्क, बस. तासभर बोलायचं आणि जे दिसलं ते लिहून पाठवायचं, निर्णय कमिटीचा. एका वर्षी तीन मुलांनी 'अपयशातून काय शिकलास' याचं उत्तर जवळजवळ एकाच शब्दांत दिलं. फार वाईट वाटलं. मुलं हुशार होती, पण त्यांचं स्वतःचं मला काही लिहिताच आलं नाही. चाळीस हजार देऊ नका.

बावधन_ते_बॉस्टन:
काकू, मी तिकडे दुसऱ्या वर्षाला आहे. मी असे पैसे घालवलेत. 'हेच कॉलेज का' याचं दोन मिनिटांचं उत्तर पाठ होतं. समोरच्या बाईंनी मध्येच एक साधा प्रश्न विचारला आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. घाम फुटला. त्यांनीच सावरून घेतलं आणि विचारलं, "बरं, सुट्टीत काय करतोस?"

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. दहावीच्या सुट्टीत मी गेटवर बसून त्यांची वही ठेवली होती: किती वाजता आला, किती भरलेला वाटला, पैसे किती दिले. सेक्रेटरी काकांच्या बिलाशी ताळा केला तर दोन महिन्यांत सात फेऱ्या जास्त लावलेल्या निघाल्या. अर्जात याची अर्धी ओळ होती, कौन्सेलरने तीही काढायला सांगितली होती. बाई त्यावर पंचवीस मिनिटं बोलत होत्या. भरलेला टँकर नजरेने कसा ओळखलास, चुकलास तर कसं कळायचं, काका चिडले का. मी इंग्रजीत अडखळत होतो, पण थांबत नव्हतो.

तुमच्या मुलीकडे अशी वही असणार. ती कुठली, हे तिलाच विचारा.

शिकवणारी_सदाशिव:
ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं शिकवते आहे. तळजाईकरांशी अर्धी सहमत. पाठांतर नको हे खरं, पण अबोल मुलीला 'जशी आहेस तशी जा' म्हणून सोडून देणं मला पटत नाही. आमच्या वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, त्यातल्या कित्येकांना मोठ्या माणसाने तासभर शांतपणे ऐकून घेतल्याचा अनुभवच नसतो. तो एकदा तरी यावा.

पैसे न देता होतं. ओळखीतली पण जवळची नसलेली एक व्यक्ती शोधा, आणि चाळीस मिनिटं इंग्रजीत बोलू दे. कागद हातात नको, आईवडील खोलीत नकोत. असं दोनदा, बास. आधी तिला मराठीत मनसोक्त सांगू द्या. जे मराठीत स्वच्छ सांगता येतं ते तुटक्या इंग्रजीतही पोचतं. शेवटी तिला प्रश्न विचारायला सांगतील. तेव्हा वेबसाइटवर मिळणारी माहिती विचारू नये. तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं, करमायला किती दिवस लागले, असं जे तिला खरंच जाणून घ्यायचंय ते विचारावं.

वाचायला एमआयटीच्या ॲडमिशन्सच्या साइटवरचे विद्यार्थ्यांचे ब्लॉग द्या, तिथली मुलं मोकळेपणाने लिहितात. कौन्सेलरऐवजी मुंबईतल्या यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या एज्युकेशन यूएसए केंद्राशी बोला, अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांसाठी ती अधिकृत सल्ल्याची सोय आहे. पण बोर्डाचा अभ्यास बाजूला पडू देऊ नका, शाळेकडून मध्यावधी गुण तिकडे जातात.

एरंडवणे७२:
स्पॅम रोज बघा. मुलाखत घेणाऱ्यांची मेल पुष्कळदा त्यांच्या खासगी पत्त्यावरून येते, आमची तिथेच पाच दिवस पडून होती. कोणी पैसे मागितले तर तो फसवणारा समजा.

नवीन_सदस्य_हडपसर:
याच धाग्यात विचारते. आम्हाला आर्थिक मदत लागणार आहे. मुलाखतीत सांगावं का?

तळजाईकर:
गरज नाही, मुलाखत घेणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नसतो. ते सगळं सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज) आणि कागदपत्रांवर ठरतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि डार्टमथ परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना पैशाची गरज विचारात घेत नाहीत. बाकी पुष्कळ ठिकाणी घेतात, तेव्हा प्रत्येक कॉलेजचं धोरण नीट वाचा.

कर्वेनगरची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. कौन्सेलरला नाही म्हणून सांगितलं. 'वही' विचारली तर आधी गप्प बसली, मग आजीच्या गुडघ्यांसाठी जिन्याच्या पायऱ्या मोजून काहीतरी आकडेमोड केली होती ते सांगायला लागली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. रात्रीचे साडेअकरा वाजले.

आणि आज एमआयटीची मेल आली! स्पॅममध्येच होती. मुलाखत घेणाऱ्या बाई कॅलिफोर्नियात असतात. त्यांची बुधवार संध्याकाळ साडेसात, म्हणजे आपला गुरुवार सकाळी नऊ. पण गुरुवारी आमच्याकडे महावितरणचं देखभालीचं काम असतं, वीज नऊ-दहाला जाते आणि वायफाय बंद पडतं. वेळ बदलून मागावी का?

शिकवणारी_सदाशिव:
मागायला हरकत नाही, माणसं समजून घेतात. पण माझी बहीण डहाणूकर कॉलनीत राहते, इन्व्हर्टर आहे आणि मागची खोली शांत आहे. तिच्याशी बोलले, ती हो म्हणाली. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करते. साडेआठपर्यंत या, कॅमेरा आणि आवाज तपासता येईल.

कर्वेनगरची आई:
मॅडम, नक्की येतो. मी खाली पार्किंगमध्ये थांबेन.