मदत हवी आहे: एटी टायर घेऊ की एमटी? पावसाच्या आत ठरवायचंय

लाल_माती (धागाकर्ता) | १२ मे, रात्री ११:४०

मंडळी, सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर द्या. फोर बाय फोरला (चारही चाकांना ताकद जाते ती गाडी) ऑल टेरेन (एटी, सगळ्या रस्त्यांसाठीचे) टाकू की मड टेरेन (एमटी, चिखलासाठीचे)? दुकानदार म्हणतो एमटी घ्या, कोकणात चिखलच आहे. मित्र म्हणतो एटी घे, एमटीवर घाटात ब्रेक लागणार नाही. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, सगळे लडाख नाहीतर राजस्थान दाखवतात, आमच्या लाल चिखलाबद्दल कोणी बोलत नाही. गेल्या जुलैत गाडी घरापासून दोनशे मीटरवर दोनदा अडकली, यंदा अडकून चालणारच नाही. ७ जूनच्या आत टायर बसले पाहिजेत.

सह्यभटक्या | १३ मे, सकाळी ७:०५

गाडी कुठली? कुठल्या सालची? टायरची साईज काय? महिन्यातलं डांबरावरचं रनिंग किती? हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

चिखलवीर | १३ मे, सकाळी ८:३०

एमटी. विषय संपला. मी सावंतवाडी-आंबोली पट्ट्यात चार पावसाळे एमटीवर काढलेत, एकदाही ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही. एटीच्या खाचा आपल्या चिखलाने पहिल्या दहा फुटांत भरतात आणि मग टायर गोटा होतो, नुसता फिरत राहतो. एमटीचे ठोकळे लांब लांब असतात, चाक जरा जोरात फिरवलं की चिखल बाहेर फेकला जातो आणि पकड परत येते. डांबरावर घों घों आवाज येतो, येऊ दे, दोन दिवसांत सवय होते.

लाल_माती | १३ मे, सकाळी ९:१५

गाडी थार आहे, अजून काय. रनिंग नॉर्मल. राजापूर तालुका.

सह्यभटक्या | १३ मे, सकाळी ९:२२

अहो कुठली थार? २०२० च्या ऑक्टोबरात आली ती नवीन की त्याआधीची सीआरडीई? दोघींचे टायर वेगळे. आणि "नॉर्मल" म्हणजे रोज दहा किलोमीटर की रोज शंभर?

टायरवाला_चिपळूण | १३ मे, सकाळी १०:५०

नमस्कार. वीस वर्षं याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, आधी आत्ताच्या टायरच्या बाजूला बघा. डॉट (DOT) असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. समजा २३१७ असेल तर २०१७ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. रबर पाच-सहा वर्षांत कडक होतं, वरून खाचा चांगल्या दिसल्या तरी ओल्यात धरत नाही. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली चालते, पण आपल्या पावसात तीनच्या खाली गेला की मी गिऱ्हाइकाला बदलायलाच सांगतो.

लाल_माती | १३ मे, दुपारी १:३०

जुनी थार सीआरडीई, २०१६ ची, सेकंडहँड घेतलेली. टायर २३५/७० आर १६. आत्ता जाऊन बघितलं, तीन टायरवर ०८१६ आहे आणि एकावर ४१२१. म्हणजे तीन टायर गाडीबरोबरचेच!! विकणाऱ्याने सांगितलं होतं चारही नवीन आहेत, आणि मी विश्वास ठेवला. दर शनिवार-रविवारी कोल्हापूरहून अणुस्कुरा घाटाने घरी येतो. म्हणून घाटाचं विचारलं.

सह्यभटक्या | १३ मे, दुपारी १:४१

हे आधी सांगायचं ना! आठवड्याला दोनदा अणुस्कुरा, तेही भर पावसात आणि धुक्यात, आणि प्रश्न फक्त दोनशे मीटरचा. एटी घ्या. ओल्या डांबरावर एमटीचं रबर रस्त्याला कमी टेकतं आणि ठोकळ्यांवरच्या त्या बारीक चिरा, सायपिंग म्हणतात ते, कमी असतात. ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाते. वळणावर समोर ट्रक असेल तर ते लांब जाणं परवडणार नाही.

आणि एका गाडीत ०८१६ आणि ४१२१ एकत्र, हे पण वाईट आहे. थारला मधला डिफरन्शिअल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चाकांचे घेर वेगळे असले की सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. डांबरावर फोर एचमध्ये (फोर बाय फोरचा वेगाचा गिअर) चालवू नका म्हणतात ते याचसाठी.

चिखलवीर | १३ मे, दुपारी २:१०

एमटीवर घाट चालवता येत नाही हे कोणी सांगितलं? स्पीड कमी ठेवायचा. मी आंबोली, फोंडा, करूळ तिन्ही घाट पावसात उतरलोय. पुढे एटी आणि मागे एमटी टाका, दोन्ही कामं होतील.

सह्यभटक्या | १३ मे, दुपारी २:१८

आत्ताच वर काय लिहिलं मी? पुढे-मागे वेगळे टायर थारसारख्या पार्ट टाइम फोर बाय फोरला (लागेल तेव्हाच चारही चाकं जोडायची) टाकायचेच नाहीत. आणि हा सल्ला कोणीतरी वाचून करून बसेल म्हणून परत सांगतोय, करू नका.

मीनल_गुहागर | १३ मे, दुपारी ४:००

जरा वेगळं विचारते, समुद्रावर वाळूत न्यायला यातलं काय बरं? भाऊ मागे लागलाय.

सह्यभटक्या | १३ मे, दुपारी ४:१२

वाळूत दोन्हीपेक्षा हवा महत्त्वाची, पंधरा ते अठरा पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवायची म्हणजे टायर पसरतो. एमटी वाळूत उलट खड्डा खणतो. पण भावाला सांगा समुद्रावर गाडी नेऊच नको. भरती यायला लागली की अडकलेली गाडी काढायला वेळ मिळत नाही, दर सीझनला एखादी तरी जातेच पाण्यात. शिवाय तुमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात.

मीनल_गुहागर | १३ मे, दुपारी ४:३०

हो, ते कासवांचं खरंच आहे. इथे ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यांना जाळीच्या कुंपणात ठेवतात, मी पिल्लं सोडताना बघितलीत. भावाला हेच वाचून दाखवते.

देवगडचो | १३ मे, संध्याकाळी ७:२०

टायराचा मागसून बघ रे. गाडी अडाकता थंय जमीन कसली आसा ता सांग. कातळ, भाटली की तांबडी माती? चढ आसा काय? पाणी खयसून येता?

लाल_माती | १३ मे, रात्री ९:४५

रस्ता साधाच आहे हो. आधी कातळ, सड्यावरचा, तिथे काही प्रॉब्लेम नाही, शेवाळ असतं तेवढंच. मग पऱ्या (ओढा) ओलांडायचा, घोटाभर पाणी. आणि मग घराकडची घाटी, चाळीस-पन्नास फूट, चांगलाच चढ, दोन्ही बाजूंना गडगा (रचलेल्या दगडांची भिंत). दोन वर्षांपूर्वी जेसीबीने डोंगर कापून काढली. तिथेच अडकते. पांढरट पिवळट माती आहे, पावसात साबणासारखी होते. मागचं एक चाक नुसतं फिरतं आणि पुढचं एक.

चिरेखाण | १३ मे, रात्री १०:३०

ही तर शेडी! विहीर खणताना जांभ्याच्या खाली लागते तीच. वरचा जांभा जेसीबीने काढला आणि शेडी उघडी पडली. माझं आयुष्य चिऱ्याच्या (जांभ्याच्या दगडाच्या) खाणीवर गेलं, ट्रक या मातीत कसे बसतात ते रोज बघतो. टायरवाल्या भावांनो, तुम्ही दोघेही बरोबर आहात पण वेगवेगळ्या चिखलाबद्दल बोलताय. वर चार बोटं चिखल आणि खाली कडक जांभा असेल तर एमटी चिखल कापून खाली पोचतो आणि चढतो, चिखलवीर म्हणतात ते तिथे खरं. शेडीला तळच नाही. तिथे एमटी खणत खणत ॲक्सलपर्यंत जातो आणि गाडी पोटावर बसते. एटी खणत नाही पण चढत पण नाही. ओल्या शेवाळलेल्या कातळावर तर एमटीचे ते मोठे ठोकळे अजूनच घसरतात.

चिखलवीर | १३ मे, रात्री १०:५५

शेडी असेल तर मान्य, तिथे मी चालवलेलं नाही. पण २०१५ नंतरच्या थारला मागचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल ऑप्शनमध्ये यायचं. तुझ्या गाडीत आहे का बघ. एक चाक नुसतं फिरायला लागलं की आपोआप लॉक होतं आणि मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात. एक चाक पुढचं आणि एक मागचं नुसतं फिरतंय म्हणजे बहुतेक नाहीये. आणि साईज वाढव, २४५/७५ आर १६ टाक, क्लिअरन्स पण वाढेल.

टायरवाला_चिपळूण | १४ मे, सकाळी ८:१५

साईजचा हिशोब आधी करून घ्या. २३५/७० ची उंची भरते साधारण ७३५ मिलिमीटर, २४५/७५ ची ७७४. म्हणजे पाच टक्के मोठा. क्लिअरन्स वाढणार जेमतेम दोन सेंटिमीटर, बदल्यात मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टने पळेल आणि फोर एलमधली (फोर बाय फोरचा हळू पण ताकदीचा गिअर) चढायची ताकद तेवढीच कमी होईल. तुम्हाला चढच चढायचाय. आणि हवा किती ठेवता?

लाल_माती | १४ मे, सकाळी ९:००

३५. पंपावरचा पोरगा भरतो तेवढी. लॉकर नाहीये, जुन्या मालकाला फोन करून विचारलं.

टायरवाला_चिपळूण | १४ मे, सकाळी ९:१०

म्हणजे कडक झालेला टायर, त्यात ३५ हवा, आणि शेडी. पऱ्याच्या अलीकडे थांबून बावीसवर आणा, परत डांबराला लागताना भरा. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर मिळतो. पंधराच्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटतो.

हापूसप्रेमी_पुणे | १४ मे, सकाळी ११:००

राजापूरकर, धाग्याशी संबंध नाही पण अजून पेट्या आहेत का? मोहर उशिरा आला म्हणतात यंदा.

सह्यभटक्या | १४ मे, सकाळी ११:०६

त्यासाठी खरेदी-विक्री विभाग आहे. लाल_माती, एक विचारू? गावात सगळे पावसात गाडी खाली मंदिरापाशी लावून चालत जातात. तुम्हाला वरपर्यंतच का न्यायची आहे? पन्नास फुटांसाठी चार टायरचे पैसे?

लाल_माती | १४ मे, दुपारी १२:३०

बाबांना दमा आहे. गेल्या जुलैत रात्री दोनला श्वास लागला, अँब्युलन्स मंदिरापर्यंतच येते, माझी गाडी घाटीत आडवी झाली. वाडीतल्या चौघांनी खुर्चीवर बसवून खाली नेलं, वरून पाऊस, मी मागून टॉर्च धरून. बाबा घर सोडून कोल्हापूरला यायला तयार नाहीत आणि मी त्यांना जबरदस्ती करणार नाही. म्हणून घाई आहे. हे टायरच्या प्रश्नात काय लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं.

सह्यभटक्या | १४ मे, दुपारी १२:४०

माफ करा. हे माहीत असतं तर पहिल्याच पोस्टला वेगळं बोललो असतो.

देवगडचो | १४ मे, दुपारी १:१५

मगे माझा ऐक. नुसत्या टायरावर बापाशीक सोडू नको. आमच्या बागेच्या वाटेर अशीच घाटी होती. वरच्या बाजूक चर मारलो, पाणी व्हाळाक सोडला, चिखल काढून तळाक मोठे दगड घातले, वर चिऱ्याचे फुटके तुकडे आणि खडी, रोलर नाय होतो म्हणून भरलेलो ट्रॅक्टरच चार फेरे फिरवलो. आता माझी टू व्हील ड्राइव्ह पिकअप भर पावसात वर जाता. पन्नास फूट म्हणजे किती तां, आठ दिवसांचा काम. पाऊस लागाच्या आधी कर, भिजल्यावर काय उपेग नाय.

चिरेखाण | १४ मे, दुपारी १:४०

अगदी बरोबर. खाणीवर फुटक्या चिऱ्यांचा ढीग पडलेला असतो, फक्त भाड्यात मिळतो. पण एक लक्षात ठेवा, शेडीवर नुसता चिरा टाकलात तर दोन पावसाळ्यांत खाली जाईल. चिरा मऊ असतो, तळाला काळा दगडच घाला. आणि चर वरच्या अंगाला, गडग्याच्या पलीकडून. पाणी घाटीतून वाहिलं तर सगळं धुऊन जाईल. राजापूर बाजूला असाल तर मला मेसेज करा.

चिखलवीर | १४ मे, दुपारी २:२०

मी एमटीचाच माणूस आहे आणि राहीन, पण इथे एटी घे. घाट आठवड्याला दोनदा आहे. फक्त साईडवॉल जाड असलेला घे, एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला, चिऱ्याच्या धारेने पातळ साईडवॉल फाटतो आणि तिथे पंक्चर निघत नाही. आणि दोन गोणपाटं, एक फावडं, टो स्ट्रॅप (गाडी ओढायचा पट्टा) गाडीत कायम ठेव.

लाल_माती | १४ मे, रात्री १०:००

ठरलं. एटी, आहे त्याच साईजमध्ये. चिरेखाण, मेसेज केलाय. चर मारायला उद्यापासून वाडीतले दोघं येतायत.

लाल_माती | ९ जुलै, रात्री ८:३०

अपडेट द्यायचा राहिला होता. काळा दगड दोन ट्रॉली, फुटका चिरा तीन ट्रॉली गेला. एका दिवशी वाडीतली सात माणसं होती, कोणी पैसे घेतले नाहीत. टायर ३ जूनला बसले. घाटात फरक पहिल्याच फेरीत कळला, ओल्यात ब्रेक मारला की गाडी थांबते, इतकी वर्षं मी कशावर चालवत होतो कोण जाणे. परवा रात्री बाबांना परत त्रास झाला. पऱ्याला गुडघ्याच्या जरा खाली पाणी होतं. बावीस हवा, फोर एल, दुसरा गिअर, न थांबता खाली आणि पाऊण तासात दवाखान्यात. आज घरी आणलं, तीच घाटी चढून. गडग्याकडच्या कोपऱ्यात पाच-सहा फूट अजून घसरतं, तिथे दगड कमी पडलाय.

चिरेखाण | ९ जुलै, रात्री ८:५०

बाबांना नमस्कार सांगा. त्या कोपऱ्याला आत्ता हात लावू नका, आत्ता खणलंत तर बाकीचं पण सुटेल. तोपर्यंत त्यावर चुडतं (नारळाच्या झावळ्या) टाकून त्यावरून न्या. दिवाळीनंतर मी एक ट्रॉली पाठवतो.

टायरवाला_चिपळूण | १० जुलै, सकाळी ९:००

पाचवा घेतलात का? स्टेपनी जुनीच असेल तर पंक्चरला लावून फोर बाय फोर टाकू नका. आणि आठ हजार किलोमीटरला पाचही फिरवून घ्या.

लाल_माती | १० जुलै, सकाळी ९:२०

चारच घेतलेत. पाचवा या पगाराला घेतो.