क्षयाचे औषध चालू असलेल्या सदस्येला गटात पुन्हा कसे सामावून घ्यावे?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावात महिलांचा बचत गट आहे आणि त्याचे हिशेब मी पाहते. गटातील एका सदस्येला क्षयाचे निदान झाले असून सरकारी दवाखान्यातून तिचे औषध नियमित चालू आहे. तिने स्वतः कोणाला काही सांगितले नव्हते, तरी बातमी गावभर झाली. आता बैठकीत तिच्या शेजारी कोणी बसत नाही, हळदीकुंकवाचे बोलावणे तिला गेले नाही, घरी तिचे ताट-तांब्या वेगळे झाले आहेत आणि सासरचे लोक तिला माहेरी पाठवण्याची भाषा करू लागले आहेत. या बायका मनाने वाईट नाहीत. घरात लहान मुले असल्यामुळे त्या खरोखरच घाबरल्या आहेत. आम्हाला मिळालेली माहितीपत्रके कन्नडमध्ये आहेत आणि गटातील वयस्कर बायकांना ती वाचता येत नाहीत. तिचे नाव न घेता, तिला आणखी न दुखवता हा विषय गटात कसा मांडावा?

निपाणीकर (निवृत्त आरोग्य कर्मचारी)

ताई, "भेदभाव करू नका" एवढे सांगून भीती जात नाही. रोग कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे आधी स्पष्ट सांगावे लागते. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधले. ते फुप्फुसाचा क्षय झालेल्या माणसाच्या खोकल्यातून हवेत जातात आणि बंद, कोंदट खोलीत बराच काळ टिकतात. ताट, तांब्या, अंथरूण, हळदीकुंकवाचे बोट यांतून क्षय पसरत नाही. भांडी वेगळी करून घरच्यांचे रक्षण होत नाही. खिडकी उघडी ठेवून आणि खोकताना तोंडावर पदर धरून मात्र होते. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय असेल, तर उपचार नियमित सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांपासून इतरांना होणारा धोका काही आठवड्यांतच झपाट्याने कमी होतो. गोळ्या मात्र साधारण सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्याव्या लागतात.

आणखी एक गोष्ट बायकांना आधीच सांगून ठेवावी. रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी, घाम, क्वचित डोळ्यांतील पाणीही नारिंगी होते. ते पाहून "रोग अंगभर पसरला" असे समजणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्याच धास्तीने औषध मध्येच सोडणारे रुग्णही पाहिले आहेत.

आमच्याकडे तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात असलेल्या बायका महिनोन्महिने "तंबाखूच्या धुळीचा खोकला आहे" म्हणून अंगावर काढत, कारण निदान झाले तर काम जाईल आणि मुलीची सोयरीक मोडेल, ही भीती असे. गोळ्या घेणाऱ्या बाईला आपण दूर ढकलतो, आणि खरा संसर्ग अशा भीतीने खोकला लपवणाऱ्यांकडून होत राहतो. गटात मला वाटते हेच ठासून सांगावे: तिला वाळीत टाकले, तर उद्या ज्या बाईला खोकला होईल ती तपासणीला जाणार नाही.

शहापूर, बेळगाव

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. कुष्ठरोगाचेही असेच झाले. बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो आणि औषध मोफत मिळते, तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांत २०१९ पर्यंत कायम होते. कायद्यातून ते गेले, घराघरांतून अजून पूर्णपणे गेलेले नाही. माझी सूचना अशी आहे की क्षयातून बरी झालेली एखादी बाई बैठकीला बोलवावी. सरकारी कार्यक्रमात अशा व्यक्तींना टीबी चॅम्पियन म्हणून प्रशिक्षण दिले जाते, आणि बरी होऊन कामाला लागलेली बाई समोर बसून बोलते तेव्हा बायका अधिक मोकळेपणाने प्रश्न विचारतात.

चिकोडीची शिक्षिका

या सूचनेत एक जपण्यासारखी बाब आहे. बोलायला येणारी बाई स्वखुशीने आणि शक्यतो दुसऱ्या गावची असावी. तुमच्या सदस्येला "हिच्याकडे पाहा" म्हणून उभे करणे, मग हेतू कितीही चांगला असो, तिच्यावर अन्याय ठरेल. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा संमतीशिवाय रुग्णाची माहिती उघड करण्यास मनाई करतो. क्षयासाठी तसा वेगळा कायदा होण्याची वाट न पाहता गटाने हाच नियम स्वतःला लावून घ्यावा आणि बैठकीच्या वहीत कोणाच्याही आजाराची नोंद करू नये. विषय तिच्या आजारावरून नव्हे, "पावसाळ्यात घरातला खोकला" असा सर्वांच्या घरचा म्हणून काढावा, आणि त्याआधी तिला एकटीला भेटून हे बोलणे तिला चालेल का, ते विचारावे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. मी आधी तिलाच विचारीन. एक शंका उरते: मानेला गाठ येऊन झालेला क्षयही असाच पसरतो का? आणि तिच्या घरातील लहान मुलांचे काय करावे? सासूबाईंचा मुख्य आक्षेप तोच आहे.

निपाणीकर

फुप्फुसे निरोगी असतील तर नुसत्या गाठीचा किंवा हाडाचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही. तिला कोणता आहे हे मात्र तिच्या डॉक्टरांनीच सांगावे. मुलांबद्दल सासूबाईंची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नका. पाच वर्षांखालील मुलांना धोका अधिक असतो, म्हणूनच फुप्फुसाचा क्षय असलेल्या रुग्णाच्या घरातील सर्वांची तपासणी करून, ज्यांना क्षय नाही त्यांना प्रतिबंधक औषध देण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. सुनेला माहेरी पाठवले तर ती तपासणी राहून जाते, तिचे औषध तुटण्याची शक्यता वाढते आणि माहेरच्या मुलांचा प्रश्न नव्याने उभा राहतो. निक्षय पोषण योजनेचे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. ते तिच्या खात्यात जमा होतात का, हेही पाहा, कारण ते तिच्या आहारासाठी आहेत. मराठी बोलणाऱ्या आशाताईंना सोबत घेऊन सासूबाईंनाच नातवंडांसह आरोग्य केंद्रात न्या, आणि हे सारे तिथल्या डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या.