शहराच्या कडेला नवं घर: स्वस्त पडतं की नुसतं स्वस्त दिसतं?

कोनाडा

शहरात जुन्या इमारतीतलं लहान घर घ्यायचं, की तेवढ्याच पैशांत शहराच्या कडेला नव्या संकुलात एक खोली जास्त मिळवायची? माझ्या ओळखीतले बरेच जण सध्या याच पेचात आहेत, आणि बहुतेकांचा कल कडेच्या नव्या घराकडे आहे. माझं मत उलट आहे. ते सविस्तर मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

तुलना करताना आपण घराची किंमत बघतो, पण अंतराची किंमत कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते. जाताना पन्नास मिनिटं जास्त आणि येताना पन्नास, असं धरलं तरी आठवड्याचे आठ तासांहून अधिक गेले. म्हणजे कामाचा एक अख्खा दिवस, आणि तो लोन फिटेपर्यंत दर आठवड्याला. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली जर्मनीतल्या कुटुंबांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वस्त घर किंवा चांगला पगार मिळतो म्हणून माणूस लांबचा प्रवास पत्करतो, तेव्हा हिशेब कुठेतरी जुळायला हवा. त्यांना तो जुळलेला दिसला नाही. लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी होते.

दुसरी गोष्ट, कडेची घरं बहुतेकदा कागदावरच विकली जातात. पाया खणायच्या आत बुकिंग सुरू होतं. काम रखडलं की भाडं आणि हप्ता दोन्ही एकाच पगारातून जातात. चीनमध्ये २०२२ साली अर्धवट राहिलेल्या अनेक प्रकल्पांतल्या ग्राहकांनी मिळून हप्ते भरणंच थांबवलं, ते याच कोंडीमुळे.

म्हणून कडेला घ्यायचंच असेल तर बांधून पूर्ण झालेलं, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळालेलं आणि शेजारी माणसं राहायला आलेली आहेत असंच घर घ्यावं. ते परवडत नसेल तर शहरातलं लहान घर बरं.

उत्तरवारा

साफ असहमत. तुमचा सगळा हिशेब नोकरी वीस वर्षं एकाच जागी राहील यावर उभा आहे. ऑफिसं हलतात, माणसं नोकऱ्या बदलतात, काहींना आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम असतं. आज जी कड आहे ती दहा वर्षांनी कड राहत नाही.

आणि जुन्या इमारतीचे छुपे खर्च तुम्ही मोजलेच नाहीत. गंजलेले पाइप, गळणारी गच्ची, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही. इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून बँका बऱ्याचदा लोनची मुदतही कमी करतात, म्हणजे हप्ता वाढला. एक जादा खोली तुम्हाला चैन वाटते. घरात दहावीचं मूल आणि अंथरुणाला खिळलेले वडील असले की ती चैन राहत नाही.

पूर्ण झालेलं घर घ्या म्हणता, पण त्याची किंमत तोवर वाढलेली असते. सुरुवातीला पैसे घालणाऱ्याला स्वस्त मिळतं ते त्याने धोका पत्करलेला असतो म्हणूनच. माद्रिदपासून सुमारे ३५ किलोमीटरवर सेसेन्या नावाचं गाव आहे. २००८च्या मंदीनंतर तिथल्या नव्याकोऱ्या रिकाम्या इमारतींचे फोटो जगभर छापून आले. आज त्याच इमारतींत कुटुंबं राहतात.

मोजपट्टी

सेसेन्याची अर्धीच गोष्ट सांगितलीत. योजना साडेतेरा हजार घरांची होती, त्यातली निम्मीही उभी राहिली नाहीत. ज्यांनी तेजीत घेतलं ते आणि मंदीनंतर बँकांनी पाडलेल्या भावात ज्यांनी घेतलं ते, ही एकाच इमारतीतली पण अगदी वेगळ्या नशिबाची माणसं. गाव वसलं म्हणून पहिल्यांच्या पैशांचं भलं झालं असं होत नाही.

आणखी एक. लोनची मुदत २० वर्षं आणि व्याज ८.५ टक्के असेल तर पहिल्या हप्त्यातले शंभरातले सुमारे ८२ व्याजात जातात, मुद्दल जेमतेम १८ फिटतं. तीन-चार वर्षांत घर विकावं लागलं तर कर्ज जवळपास तसंच उभं असतं. आणि त्याच वेळी त्याच संकुलात बिल्डर पुढच्या टप्प्यातली कोरी घरं सवलतीत विकत असतो. तुमचं वापरलेलं घर कोण घेणार?

गिलावा

मी साइटवर काम करतो, त्यामुळे अंतराच्या वादात न पडता घराबद्दल बोलतो. नवं म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची मोजतात, पण आतलं पाणी सुकायला कितीतरी महिने लागतात. ताबा द्यायची घाई असली की ओल्या गिलाव्यावर रंग चढतो. मग पहिल्या पावसाळ्यानंतर पोपडे, लोणा म्हणजे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, फर्निचरच्या मागे बुरशी. केसासारख्या बारीक भेगा बहुतेक नव्या घरांत येतात, त्यांना घाबरू नका. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंद होत जाणारी भेग दिसली तर मात्र इंजिनिअरला दाखवा. शहराच्या कडेच्या जमिनी बऱ्याचदा सखल असतात, तिथे भराव टाकून पातळी वर आणलेली असते. भराव नीट दाबला नसेल तर तो पुढे वर्षानुवर्षं बसत राहतो. इमारत खोल पायावर असेल तर तगते, पण आवारातल्या फरश्या, पायऱ्या आणि ड्रेनेजचे पाइप खचतात.

ताबा घ्यायला जाल तेव्हा एक बादली पाणी बाथरूमच्या जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ओता आणि बघत उभे राहा. पाणी जाळीकडे गेलं पाहिजे, दाराकडे नाही. फरशीवर नाण्याने टकटक करत फिरा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा आणि फोटो काढा. हे सगळं सही करायच्या आधी. सही झाल्यावर तुमचा फोन उचलायची कुणाला घाई नसते.

सॅम्पल फ्लॅटवर तर अजिबात जाऊ नका. तिथले पलंग आखूड बनवून घेतलेले असतात आणि आतली दारं काढून ठेवलेली असतात, म्हणून खोल्या ऐसपैस वाटतात. टेप घेऊन जा.

दोन जिने

वर सगळे ऑफिसला जाणाऱ्याच्या प्रवासाचंच बोलताहेत. दिवसभर घरी कोण असतं? आमच्या बिल्डिंगचा ताबा मिळाला तेव्हा मजल्यावर आमच्याच घरात दिवा लागायचा. सासूबाईंना रात्री दम लागला की दवाखाना शहरात, आणि इतक्या रात्री आमच्या बाजूला रिक्षा यायला तयार नसे. शाळेची बस संकुलाच्या गेटपर्यंत येत नव्हती, कारण मुलंच पुरेशी नव्हती. औषधाचं दुकान, दवाखाना, बस हे सगळं माणसं आल्यानंतर येतं, आणि ते येईपर्यंत घरातल्या बाईचा दिवस त्यातच जातो. किमतीत जी बचत दिसते ती मला तरी कुणाच्या तरी वेळातून कापलेली वाटते.

उत्तरवारा

ताई, तुमचा मुद्दा पटतो. किमतीबद्दलचं माझं मत मात्र बदलत नाही. शहरात ज्यांना काहीच परवडत नाही त्यांना "थांबा" म्हणणं म्हणजे भाडं भरत राहा म्हणणं. तेही दरवर्षी वाढतं, आणि घरमालक सांगेल तेव्हा सामान उचलावं लागतं.

कोनाडा

भाड्याने राहा, पण त्याच कडेच्या भागात राहा, असं मी म्हणेन. ज्या संकुलात घ्यायचा विचार आहे त्याच्या आसपास एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने काढा. रस्ता किती तुंबतो, पाणी किती वेळ येतं, रात्री परत यायला काय मिळतं, हे ब्रोशरमध्ये नसतं. समोरची मोकळी जागा कुणाची आणि तिथे काय मंजूर झालंय तेही तोवर कळेल. नाहीतर "ओपन व्ह्यू"चे जादा पैसे भरायचे आणि काही वर्षांनी समोर भिंत.

मोजपट्टींच्या हप्त्याच्या गणितात एक भर. करारात ताब्याची तारीख नीट लिहिलेली असावी आणि ती चुकली तर दर महिन्याला भरपाई किती हेही आकड्यात असावं. "अंदाजे" हा शब्द तारखेशेजारी दिसला तर तो खोडायला लावा. विकणारा तयार नसेल तर बुकिंग करू नका.

उत्तरवारा

तारखेचं मान्य. पण भाड्याने वर्ष काढायचं म्हणजे मुलांची शाळा दोनदा बदलायची का? ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी हे कसं जमवलं ते सांगा.