'शोले'तलं हत्याकांड: उचललेलं की नव्यानं बांधलेलं?

पटकथावेडा: 'शोले'मधलं (१९७५) ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधून (१९६८) सरळ उचललंय. 'प्रेरणा' वगैरे पळवाटा नकोत. दोन्ही प्रसंग लागोपाठ बघा. घरची माणसं अंगणात आपापल्या कामात असतात, गोळ्या लागून एकेक जण पडतो, शेवटी लहान मुलगा उरतो. बंदूक रोखली जाते आणि गोळीच्या आवाजावरच कट होऊन पडद्यावर आगगाडी येते. गाडीतून उतरणाऱ्याला घरी काय घडलंय याचा पत्ता नसतो: तिकडे मारल्या गेलेल्या मॅकबेनची नवी बायको जिल, इकडे ठाकूर. एखादी फ्रेम योगायोगानं जुळेल, सबंध क्रम नाही जुळत.

आवाजबंद: क्रम जुळतो, पण परिणाम? लिओनेकडे हा प्रसंग सुरुवातीलाच येतो. कॅमेरा पाठीमागून फिरत मारेकऱ्याच्या चेहऱ्यावर येतो आणि तो निघतो हेन्री फोंडा, वर्षानुवर्षं सज्जन माणसं रंगवलेला नट. सगळा धक्का त्या चेहऱ्यात आहे. गब्बर तर आपल्याला आधीच भेटलाय आणि ठाकूरच्या विधवा सुनेची, राधाची, पांढरी साडीही आपण पाहिलीय. म्हणजे कोण मारणार आणि कोण मरणार, दोन्ही ठाऊक. म्हणून दिग्दर्शक रमेश सिप्पींनी ताण आवाजावर नेला. लिओने किड्यांची किरकिर अचानक थांबवून शांतता आणतो. इथे झोपाळ्याची करकर ऐकू येत राहते. संकलक एम. एस. शिंदे यांचं काम नीट बघा. त्या वेळी 'शोले'ला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर त्यांचंच.

जुनी_रिळं: सगळे इटलीकडे बघताय, सांगाडा तर घरचाच आहे. राज खोसलांचा 'मेरा गाव मेरा देश' (१९७१) काढा. एक हात नसलेला निवृत्त फौजी, त्यानं गावात आणलेला भुरटा चोर धर्मेंद्र आणि डाकू जब्बारसिंग. नाव मोठ्यानं म्हणून बघा! फौजी झालेत जयंत, म्हणजे अमजद खानचे वडील. 'शोले'ची स्वतःची भर लपवाछपवीत आहे. होळीच्या हल्ल्यात बंदूक पायाशी पडलेली असून ठाकूर ती उचलत नाही. जय-वीरू चिडतात, मग पूर्वकथा येते आणि तिच्या शेवटी शाल गळते आणि ठाकूरला हातच नाहीत हे दिसतं.

पटकथावेडा: सांगाड्याचं पटलं, पण हत्याकांडाचं उत्तर त्यात नाही. उसनवारी तपासायची तर आधी आवाज बंद करून एकेका ओळीत एकेक शॉट लिहा. शेजारच्या रकान्यात त्या क्षणी कुणाला काय माहीत आहे ते भरा. मग चित्र न बघता नुसता आवाज ऐका. घोडे, धूळ, खडक यांवरून निकाल देऊ नका, ते कुठल्याही वेस्टर्नमध्ये असतात. हा दुसरा रकाना भरताना सांधा उघडा पडतो: पूर्वकथा सांगतोय ठाकूर, पण हत्येच्या वेळी तो तिथे नव्हताच! त्याच्या नजरेनं प्रसंग स्टेशनवर सुरू व्हायला हवा होता. गोळीवरून गाडीवर जाणारा तो कट हवा होता, म्हणून निवेदकाला बाजूला सारलं.

आवाजबंद: सांधा आहेच, पण तो बिनकामाचा नाही. स्टेशनपासून सुरुवात केली असती तर ठाकूरबरोबर आपल्यालाही घरी पोचल्यावरच धक्का बसला असता. आता भेटवस्तू घेऊन उतरलेला ठाकूर आपण सगळं माहीत असताना बघतो. शिवाय तिथे त्याचे हात बघा. त्या वस्तू धरणारे, पुढे प्रेतांवरची पांघरुणं उचलणारे हे हात पूर्वकथा संपेपर्यंत गब्बर तोडणार आहे. जिलच्या आगमनात असं काही पेरलेलं आहे का, ते दाखवा.