मदत हवी आहे: पुढच्या चाकांच्या गाडीत डिफरेन्शियल असतो तरी कुठे?

नमस्कार मंडळी,
मॅन्युअल गाडी, आडवं इंजिन, ओढ पुढच्या चाकांना. दोन्ही पुढची चाकं स्टँडवर उचललीत, इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला. डावं चाक हाताने पुढे फिरवलं की उजवं तितकंच मागे फिरतं! मागच्या अ‍ॅक्सलवर असतो तसा वेगळा डिफरेन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) कुठेच दिसत नाही, तेलाचा ड्रेन प्लगही एकच. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, डिफरेन्शियल आहे म्हणजे जीएल-५ (जास्त दाब सोसणारं गिअरचं) तेलच हवं. खरं का? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

प्रतिसाद १:
डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्याच खोक्यात आहे, म्हणून त्याला ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणतात. इनपुट शाफ्टकडून फिरणं आउटपुट शाफ्टकडे येतं. त्याच्या टोकाचा छोटा पिनियन मोठ्या रिंग गिअरला फिरवतो आणि रिंग गिअर डिफरेन्शियलच्या केजला बोल्टने घट्ट असतो. केजमध्ये आडव्या पिनवर दोन छोटे बेव्हल (शंकूच्या आकाराचे) गिअर, त्यांच्या दोन बाजूंना दोन साइड गिअर. चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट या साइड गिअरमध्येच घुसतात.

पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि फायनल ड्राइव्हचं (पिनियन ते रिंग गिअर) ४ धरा. एकूण १४. इंजिन १४०० आरपीएमला असेल तर केज १०० ने फिरतो. वळणावर आतलं चाक ९५, बाहेरचं १०५, सरासरी तीच. तुमच्या प्रयोगात गिअर टाकल्यामुळे इंजिनाने केज धरून ठेवलाय, सरासरी शून्य. मग एक पुढे तर दुसरं मागे जाणारच. बिघाड नाही, उलट डिफरेन्शियल ठणठणीत आहे.

तेलाचं म्हणाल तर मेकॅनिकचं बोलणं मागच्या अ‍ॅक्सलला लागू पडतं. तिथे हायपॉइड, म्हणजे ओढ काटकोनात वळवणारे वळणदार दात एकमेकांवर घासत सरकतात. तुमच्याकडे इंजिन आडवं, सगळे शाफ्ट समांतर, त्यामुळे काटकोनात वळवायची भानगडच नाही, साधे तिरपे दात पुरतात. शिवाय सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना काही जीएल-५ तेलं मानवत नाहीत. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जे लिहिलंय तेच भरा.

धागाकर्ता:
आता डोक्यात प्रकाश पडला, आभार! शाफ्टचे बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं) बदलायचेत. शाफ्ट ओढला तर तेल सांडेल का?

प्रतिसाद १:
हो, सील त्या शाफ्टवरच बसतं. आधी तेल काढा. दोन्ही शाफ्ट एकदम मात्र उपसू नका, काही ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये आतले साइड गिअर जागेवरून सरकतात आणि मग खोकं उघडल्याशिवाय सुटका नाही.